कोनाड्यातल्या बैलाची उजवी बाजू

मित्रांनो, बैल आहे मी, पण लाकडाचा, आणि आता बराच जुना. शेत मी कधी पाहिलं नाही, कडब्याची चव मला ठाऊक नाही, आणि माझ्या पाठीवर आजवर कुणी चाबूक ओढलेला नाही. तरीही चार वर्षं मी बांधलेला होतो. दावं नव्हतं, वेसण नव्हती. मला बांधलं होतं एका काचेनं आणि एका भल्या बाईच्या भक्तीनं. हे मी कुणाला नाव ठेवायला सांगत नाही. जिनं मला बांधलं तिचं मन तुपासारखं आहे, हे आधीच सांगून ठेवतो.

माझा जन्म मध्य प्रदेशातल्या पांढुर्ण्याचा. तिथे भैय्याजी सुतार आधी बंड्या, म्हणजे बैलगाड्या, करायचे. घरोघरी ट्रॅक्टर आले आणि बंड्या मोडीत निघाल्या. भैय्याजींच्या दुकानामागे जुन्या जुवांचा आणि चाकांचा ढीग साचला. मग पोळा जवळ आला की त्या ढिगातून ते लेकरांसाठी लाकडी बैल कोरायचे. आमच्याकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा भरतो. त्या दिवशी लेकरं आपापले लाकडी बैल सजवतात आणि दोरीनं ओढत मिरवतात. मी एका मोडक्या जुवातून निघालो. ज्या लाकडाखाली खऱ्या बैलांनी मान दिली, त्याच लाकडाचा मी बैल झालो.

भैय्याजींकडे पूर्वी चांद्या नावाचा बैल होता. माशी उडवताना तो शेपटी उजव्या मांडीवर टाकायचा आणि तशीच राहू द्यायचा. उजवा कानही मागे वळवायचा. भैय्याजींनी मला तसंच कोरलं. डावीकडून मी कुठलाही बैल, उजवीकडून मात्र चांद्या.

शेजारचा दुकानदार म्हणाला, "भैय्याजी, दोन्ही बाजू सारख्या काहून नाही करत? काम लवकर आटपते."

"सारखा तर पाटा असते बापा," भैय्याजी म्हणाले. "बैल इकडून येगळा दिसते, तिकडून येगळा."

ते माझ्यावर रंगाचा हात फिरवणार, इतक्यात उर्मिला मॅडम आल्या. त्या एका प्राथमिक शाळेत शिकवत.

"रंग नका देऊ जी."

"बिनारंगाचा नेऊन राहिल्या? लेकरं रडतीन ना मॅडम."

"रडू द्या. रंग असला की लेकरं रंगच पाहतात. मले त्यांना बैल दाखवायचा आहे."

अशा रीतीनं मी उघड्या लाकडाचा, चार चाकांवर उभा, बसमध्ये मॅडमच्या मांडीवर बसून सौंसरला आलो. तिथून रामाकोन्याच्या वाटेवर एक लहान गाव आहे. गावाचं नाव मुद्दाम सांगत नाही. एका अंगाला संत्र्याचे बगीचे, दुसऱ्या अंगाला कपाशी, आणि मध्ये शाळा. तिथली पुस्तकं हिंदीत आणि बोलणं मराठीत. चित्रकलेच्या तासाला मात्र दोन्हीची फारशी गरज पडत नसे.

मित्रांनो, ते दिवस आठवले की माझं लाकूड अजून ऊबदार होतं. मॅडम एक घमेलं पालथं घालायच्या आणि त्यावर मला उभं करायच्या. लेकरं भोवती गोल बसायची. ज्याला जिथून जेवढं दिसेल, तेवढंच काढायचं, एवढा एकच नियम. राजू नावाच्या मुलाची जागा माझ्या पाठीमागे आली. त्यानं काढलं ते माझं ढुंगण, दोन पाय आणि वर शिंगांची टोकं.

"मॅडमजी, राजूनं बैलाचं ढुंगण काढलं," सगळा वर्ग हसू लागला. राजूनं कागद मांडीखाली दडवला.

मॅडमनी तो कागद हळूच काढून घेतला आणि भिंतीवर लावला. "याला जे दिसलं तेच यानं काढलं. बाकीच्यांनी तोंड काढलं. तिकडून तोंड दिसत होतं काय रे तुला, खरं सांग?" हसणाऱ्यांतला एक जण खाली पाहू लागला. पुढच्या आठवड्यात सगळे एकेक जागा सरकले. असं करत करत वर्षाच्या शेवटी प्रत्येकानं मला सगळीकडून पाहिलं.

कधी मॅडम ओढणीनं लेकरांचे डोळे बांधायच्या आणि माझ्यावर हात फिरवायला लावायच्या. "आता हातानं पाहा." लहान बोटं माझ्या वशिंडावरून घसरत जायची आणि उजव्या मांडीवरच्या शेपटीपाशी थबकायची. "मॅडमजी, इथं साप आहे." मग डोळे सोडून हातांनी पाहिलेलं काढायचं. पोळ्याला माझी झूलही लेकरंच करायची. जुन्या धोतराचा तुकडा, अर्धं कापलेलं संत्रं आणि भेंडी. गेरूत बुडवायचं आणि ठसा उमटवायचा. एक ठसा, मग थोडी जागा, मग पुन्हा ठसा.

"मॅडमजी, ही जागा उरून गेली."

"उरली नाही, तू ठेवली. म्हणून तर ठसा दिसून राहिला."

मग एका पावसाळ्यात सगळं बदललं. पोळ्याची सुट्टी होती. झूल पांघरून मी व्हरांड्यात उभा होतो. दुपारी जोराचा पाऊस झाला आणि व्हरांड्याची जुनी भिंत खाली आली. सुट्टी होती म्हणून कुणाला काही झालं नाही, ही देवाची दया. लोक धावत आले तेव्हा विटांच्या ढिगात मी जसाच्या तसा उभा होतो. शिंगालाही धक्का नव्हता.

मी काय केलं होतं, मित्रांनो? मी फक्त तिथे उभा होतो. मला पळायचं झालं तर पुढून कुणीतरी दोरी ओढावी लागते.

पण शाळेच्या मुख्याध्यापिका प्रेमलताबाई समोर आल्या आणि त्यांचे डोळे भरले. बाई फार मृदू बोलणाऱ्या. सोमवार, प्रदोष, शनिवार असे त्यांचे उपास. एकदा धरलेला वार त्यांनी तापातसुद्धा मोडला नाही. त्यांनी डोक्यावर पदर घेतला, माझ्या कपाळाला कुंकू लावलं आणि म्हणाल्या, "यानं माझी लेकरं वाचवली. हे आता खेळणं नाही, नंदी आहे."

नव्या भिंतीत एक कोनाडा ठेवला गेला. कोनाडा दोन बोटं बुटका निघाला, तेव्हा शाळेचा चपराशी गजानन यानं माझी चाकं काढून टाकली. माझी उजवी बाजू भिंतीला टेकली आणि डावी जगाकडे राहिली. पुढून सरकती काच बसली, काचेला कुलूप लागलं, आणि चाबी बाईंच्या पदराच्या टोकाला बांधली गेली.

उर्मिला मॅडमनी पहिल्याच महिन्यात विचारलं, "बाई, तासापुरता काढू काय नंदीला? लगेच ठेवून देईन."

"देवाला हात लावून चित्र काढतात काय, उर्मिला? बाहेरून काढू दे ना त्यांना. दिसते तर आहे."

वर्षभरानं मॅडमनी पुन्हा विचारलं. बाईंनी नुसती मान हलवली. उर्मिला मॅडम मोठ्यांशी वाद घालणाऱ्या नव्हत्या. त्या माठ, खराटा, संत्र्याची फांदी आणून तास घेऊ लागल्या.

आणि मी आत. सकाळी उदबत्ती, सोमवारी तुपाचा दिवा. धुरानं काच पिवळी झाली, मग तपकिरी. समोरचं पटांगण मला चहातून पाहिल्यासारखं दिसायचं. घंटा वाजायची, लेकरं ओळीनं चपला काढायची, हात जोडायची आणि जायची. परीक्षेच्या दिवसांत गर्दी वाढायची. "नंदीमहाराज, गणितात पास करा." पाढे मला कुणी शिकवलेच नव्हते, मी काय पास करणार?

काच आणि चौकट यांच्यात बोटभर फट होती. कुणी पाहत नसलं की एखादं बोट त्यातून आत यायचं आणि माझ्या डाव्या शिंगाचं टोक शोधायचं. तिसरीतल्या तेजस्विनीचं बोट तर रोज यायचं, खडूनं माखलेलं. माझ्या अंगाला माणसाचा स्पर्श व्हायचा तो तेवढाच, तांदळाच्या दाण्याएवढ्या जागेवर. तिचं बोट निघून गेलं की मी उरलेला दिवस त्या दाण्यावर काढायचो.

तिसऱ्या वर्षी भिंतीकडून कुरकुर ऐकू येऊ लागली. आधी वाटलं उंदीर असेल. मग उजव्या मागच्या पायाशी गार माती लागली आणि मी समजलो. उधई. भिंतीच्या सांदीतून ती वाळवी आली आणि माझ्या पायात शिरली. तिथून मांडीत. ती घाईत नव्हती. तिला रोखणारं कुणी नव्हतं, कारण त्या बाजूला पाहणारंच कुणी नव्हतं. समोरून मी पूर्वीसारखाच ठणठणीत. लोक येत, काचेला कुंकू लावत, म्हणत, "काय तेज आहे." आणि पलीकडून मी रोज थोडा थोडा कमी होत होतो. मला ओरडता येत नव्हतं. फटीतून तेजस्विनीचं बोट यायचं तेव्हा वाटायचं, बाई गं, जरा तिकडून शोध. पण तिचा हात तिथवर कसा पोचावा?

यंदाच्या श्रावणात बाईंनी ठरवलं, नंदी पक्का बसवायचा. कोनाड्याला टाइल्स लावायच्या आणि माझे पाय सिमेंटमध्ये. शेवटच्या सोमवारी मिस्त्री येणार होता. गजाननानं ही बातमी कोनाड्यापुढे झाडताना सांगितली, जणू माझा मान वाढला. "आता हलायचं काम नाही महाराज. कायमचे आरामात." त्याचं खरं होतं. सिमेंट पडलं की मला पुन्हा कुणी फिरवून पाहणार नव्हतं, आणि उधईचं जेवण बिनघोर संपणार होतं.

मिस्त्री यायच्या दोन दिवस आधी शनिवार होता. पोळ्याला आमच्याकडे मातीच्या बैलांची पूजा होते. बाईंनी उर्मिला मॅडमना सांगितलं होतं, "यंदा लेकरांकडून आपल्या नंदीसारखेच बैल करून घे. मीही माझी जोडी इथूनच नेईन." तिसरीच्या तेवीस लेकरांनी कोनाड्यापुढे बसून बैल केले आणि व्हरांड्यात फळीवर सुकत ठेवले. दुपारच्या सुट्टीनंतर बाई आपली जोडी निवडायला आल्या. मी काचेतून पाहत होतो.

त्यांनी एक बैल उचलला. "किती छान. डोळा पाहा कसा केला. कोणाचा आहे?"

"माझा, बडे मॅडम," तेजस्विनी म्हणाली.

बाईंनी बैल फिरवला आणि त्या थांबल्या. दुसऱ्या बाजूला काहीच नव्हतं. पाटीवर दाबून केलेली सपाट माती होती.

"याची दुसरी बाजू कुठं आहे बेटा?"

"ते भिताडाकडं असते ना."

"अगं, पण गावात बैल नाही पाहिला काय तू?"

"पाहिला ना. आमच्या घरीच दोन हायेत. त्याईले हाये दोन्ही बाजू. पण तुम्ही म्हणल्या नंदीसारखा करा. नंदीले तिकडून काही नाही."

"हाये," मागून शुभम म्हणाला. "तिकडून शेपटी हाये. उर्मिला मॅडम सांगत होत्या."

"तू पाहिली काय?" तेजस्विनीनं विचारलं.

"नाही."

"मंग?"

बाईंनी दुसरा बैल उचलला, तिसरा उचलला. तेवीसच्या तेवीस बैल एका बाजूनं बैल आणि दुसऱ्या बाजूनं भिंत.

"आता काय करावं," बाई हळू म्हणाल्या. "अर्ध्या मूर्तीची पूजा नाही करत."

गजानन म्हणाला, "दोन अर्धे चिपकवून एक करून टाकू काय बाई? जोडीले चार लागतीन."

लेकरं हसली, पण बाई हसल्या नाहीत. पूजेचा नियम त्यांनी कधी मोडला नव्हता आणि पोळा तोंडावर आला होता. मग त्यांनी पदराची गाठ सोडली. "एकदाच दाखवते. मग नीट करा."

काच सरकेना. चार वर्षांच्या धुरानं ती चौकटीत घट्ट बसली होती. गजाननानं जोर लावला तेव्हा ती निघाली. मग त्यानं मला धरून ओढलं, आणि मी हललो नाही. उधईच्या मातीनं मला भिंतीला चिकटवून टाकलं होतं. त्यानं पुन्हा ओढलं. करकर असा आवाज झाला आणि मी उजेडात आलो. माझा उजवा मागचा पाय मात्र भिंतीतच राहिला.

लेकरं पुढे सरकली. माझी मांडी पोखरलेली होती आणि मातीच्या नळ्या पोटापर्यंत गेल्या होत्या.

तेजस्विनी हलकेच म्हणाली, "मॅडमजी, याले तर खाऊन टाकलं."

बाई पायरीवर बसल्या. तोंडातून एकच शब्द निघाला, "खंडित."

मित्रांनो, या शब्दाचा अर्थ तुम्हाला सांगायला हवा. देवाची मूर्ती भंगली तर ती घरात ठेवत नाहीत, पाण्यात सोडतात. गजाननाला रीत ठाऊक होती. तो म्हणाला, "मंग कन्हान नदीले सोडावं लागन बाई. सोमवारी मिस्त्रीले येऊ नको म्हणतो, अन् मीच नेऊन देतो."

चार वर्षं मी बाहेर पडायची वाट पाहिली होती. आणि आता काच उघडली होती ती मला नदीत नेण्यासाठी. देव म्हणून माझी जागा पाण्यात होती. बैल म्हणून असती, तर कदाचित इथे. पण मी कोण, हे ठरवणं माझ्या हाती नव्हतं. ते त्या पायरीवर बसलेल्या बाईंच्या हाती होतं.

उर्मिला मॅडम त्यांच्याशेजारी जाऊन बसल्या. "बाई, एक विचारू? याची प्रतिष्ठा कोणत्या महाराजांनी केली होती?"

"कोणी नाही. मीच कुंकू लावलं होतं."

"मग हा शाळेचा बैलच आहे ना?"

"उर्मिला, चार वर्षं मी याच्यापुढं दिवा लावून राहिली. तो काय वाया गेला?"

"दिवा कुठं वाया जाते बाई. देवापर्यंत गेलाच असेल. पण बैलाला त्याचा काही उपयोग नाही झाला."

बाईंनी पिशवीतून जपमाळ काढली आणि डोळे मिटले. मणी सरकू लागले. तेवीस लेकरं इतका वेळ गप्प बसल्याची शाळेत ती पहिलीच वेळ असेल. गजाननाच्या हातात मी तिरपा लोंबत होतो.

माळ संपली. बाई उठल्या आणि त्यांनी मला आपल्या हातात घेतलं. चार वर्षांत त्यांनी मला कधी उचललं नव्हतं, पहिल्या दिवशी कुंकू लावताना अनामिकेचं टोक टेकलं होतं तेवढंच. त्यांनी माझ्या उजव्या अंगावरची माती अंगठ्यानं खरवडायला सुरुवात केली. सावकाश, भांडं घासावं तशी. माती पडत गेली. अर्ध्या उरलेल्या मांडीवर काहीतरी उंचवटा लागला. त्यांनी तो बोटानं चाचपला.

"इकडं शेपटी आहे," त्या म्हणाल्या. "उर्मिला, हे पाहा. कशी टाकली आहे मांडीवर."

"हो बाई."

"अन् कानही मागं वळला आहे." त्यांनी कान अंगठ्यानं पुसला. "रोज पुजलं मी याला. पण मी कधी याला पाहिलंच नाही."

मग त्यांनी मला दोन्ही हातांनी तेजस्विनीपुढे धरलं. "घे. नीट धर, पाय मोडला आहे त्याचा. गजानन, नदीवर नाही जायचं. कडुनिंबाचं तेल घेऊन ये."

"पण बाई, खंडित..."

"देव खंडित होते. बैल लंगडा होते. लंगड्या बैलाला घरातून काढत नाहीत."

तेलाचे हात झाले, दोन दिवस उन्हात ठेवलं, उधई गेली. पोकळ मांडी मात्र पोकळच राहिली. पोळ्याच्या आधी उर्मिला मॅडमनी पुन्हा मला लेकरांच्या मधोमध उभं केलं आणि गेलेल्या पायाच्या जागी विटेचा तुकडा ठेवला. लेकरांनी मला फिरवलं, पालथं केलं, डोळे बांधून चाचपलं. किती हात होते, मित्रांनो. एका बोटावर वर्ष काढलेल्याला एवढे हात एकदम सोसत नाहीत. मी लाकूड होतो म्हणून बरं.

लेकरांनी नवे बैल केले. त्यांना मॅडमचा एकच नियम माहीत होता, जे दिसेल तेच करायचं. म्हणून सगळ्या बैलांच्या उजव्या मांडीवर शेपटी आली, शेपटीखाली खळगा आला, आणि काडीनं कोरलेल्या उधईच्या वाटाही आल्या. वळत वळत, एकमेकींत शिरत, जशा माझ्या पोटावर आहेत तशाच. शुभमनं तर त्या वाटांची झूलच करून टाकली.

पोळ्याच्या आदल्या दिवशी प्रेमलताबाई आपली जोडी न्यायला आल्या. त्यांनी तेजस्विनीचा बैल उचलला आणि या वेळी आधी उजवीकडूनच पाहिला. मागचा एक पाय नव्हता, त्या जागी मातीची छोटी वीट होती. मांडीवर वाटा कोरलेल्या होत्या.

गजानन मान वाकडी करून म्हणाला, "हाही खंडितच झाला की बाई. तीनच पाय हायेत."

बाईंनी वाटांवरून बोट फिरवलं. "नाही गजानन. हा पुरा पाहून केला आहे." आणि त्याच्या जोडीला शुभमचा बैल घेऊन त्यांनी दोघांना पदराखाली धरून घरी नेलं.

मित्रांनो, तुमच्या शाळेतही एखादी बंद अलमारी असेल. तिच्यात रंगांच्या पेट्या असतील, नकाशे असतील, एखादी ढोलकी असेल. खराब होऊ नये म्हणून कुणीतरी प्रेमानं कुलूप घातलं असेल. त्या माणसावर रागावू नका. नम्रपणे चाबी मागा. नाही म्हणाले तर महिन्यानं पुन्हा मागा. आणि आतली वस्तू हाती आली की तिला आधी फिरवून पाहा, तिकडच्या बाजूनं, जिकडे बरेच दिवस कुणी पाहिलेलं नाही. तिथे कुणीतरी तुमची वाट पाहत असेल, आणि तिकडे कुरकुरही सुरू झालेली असेल.